क्वीन : 1981 ची मैफल 1986 च्या मैफलीपेक्षा स्पष्ट का दिसते?

प्रश्न – सूरपेटी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या मैफलींच्या डिस्क जमवायला मी अलीकडेच सुरुवात केली आहे. नोव्हेंबर 1981 मधील माँट्रियलच्या कार्यक्रमाची ब्लू-रे लावली की गायक फ्रेडी मर्क्युरीच्या कपाळावरचा घामही नजरेत भरतो. मात्र 12 जुलै 1986 च्या लंडनमधील वेम्बली स्टेडियमच्या मैफलीची डीव्हीडी त्याच टीव्हीवर पाहताना दूरचे चेहरे पुसट होतात आणि फ्रेडीच्या पिवळ्या जाकिटाच्या कडांना दाते पडल्यासारखे वाटते. नंतरचे चित्रीकरण कमी स्पष्ट कसे? वेम्बलीची याहून चांगली आवृत्ती मिळते का, आणि जुन्या व्हीएचएस कॅसेट घ्याव्यात का?

उत्तर – रीळ

फरक सालाचा नसून माध्यमाचा आहे. माँट्रियलचे दोन रात्रींचे कार्यक्रम 35 मिमी फिल्मवर चित्रित झाले होते. फिल्म पुन्हा स्कॅन करता येते आणि स्कॅनर सुधारला की तिच्यात आधीपासून असलेला तपशील बाहेर येतो. म्हणूनच 1984 मध्ये कॅसेटवर आलेले हे चित्रीकरण 2007 मध्ये ब्लू-रेवर आणि 2024 मध्ये आयमॅक्सच्या भव्य पडद्यावरही शोभून दिसले. वेम्बलीचे चित्रीकरण मात्र व्हिडिओ टेपवरचे आहे. पॅल या टीव्ही-पद्धतीत चित्राच्या 576 ओळी असतात. त्यापलीकडचा तपशील टेपवर उतरलेलाच नाही, त्यामुळे कोणतेही पुनर्संस्करण तो निर्माण करू शकत नाही.

याची खात्री करून घ्यायची असेल तर बुडापेस्टची मैफल अवश्य पाहा. दौरा तोच आणि जाकीटही तेच; तारीख 27 जुलै 1986, म्हणजे वेम्बलीनंतर अवघे 15 दिवस, पण चित्रीकरण फिल्मवर. 2012 मध्ये आलेल्या तिच्या ब्लू-रेवर फ्रेडी तळहातावर लिहून घेतलेल्या शब्दांकडे पाहत हंगेरियन लोकगीत म्हणतो, तो प्रसंग मला क्वीनच्या सगळ्या चित्रीकरणांत सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो.

उत्तर – जुनी कॅसेट

वरील स्पष्टीकरण बरोबर आहे. तरीही वेम्बलीला केवळ धूसर म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. टेपवर दर सेकंदाला 50 अर्धचित्रे (प्रत्येकात चित्राच्या एकाआड एक ओळी) नोंदली जातात, तर फिल्मवर साधारणतः 24 चौकटी. त्यामुळे फ्रेडीचे धावणे आणि गर्दीच्या हातांची लाट टेपवर अधिक प्रवाही दिसते आणि कार्यक्रम आपल्यासमोर चालू असल्याचा भास होतो. तुम्हाला दिसणारे दाते बहुधा नव्या टीव्हीने ही अर्धचित्रे नीट न जोडल्यामुळे पडत असावेत. प्लेअरमधील डीइंटरलेसिंगची, म्हणजे अर्धचित्रे जोडण्याची, सेटिंग बदलून पाहा.

वेम्बलीची 1990 ची व्हीएचएस घेऊ नका, कारण तिच्यात काही गाणी गाळलेली आहेत. संपूर्ण कार्यक्रम 2003 च्या डीव्हीडीत आहे आणि 2011 च्या आवृत्तीत आदल्या रात्रीची, म्हणजे 11 जुलैची मैफलही मिळते.

सूरपेटी

सेटिंग बदलल्यावर जाकिटाच्या कडा खरोखरच सरळ झाल्या. मग ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’सारखे गाण्यांचे व्हिडिओही याच मर्यादेत येतात का?

उत्तर – रीळ

होय, 1975 चा तो व्हिडिओ टेपवरच चित्रित झाला आहे. त्यात एकच चेहरा मागे मागे अनेकदा उमटत जातो, ती करामत कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून साधली होती. म्हणजे तो परिणाम मुळात व्हिडिओचाच आहे. अशा व्हिडिओंच्या संग्रहाची डिस्क निवडताना चित्राचा मूळ 4:3 आकार (रुंदी आणि उंचीचे प्रमाण) राखला आहे की नाही, एवढे मात्र काटेकोरपणे पाहा. रुंद पडद्यासाठी वरून आणि खालून चित्र कापले, तर आधीच मोजक्या असलेल्या ओळींपैकी चौथा हिस्सा निघून जातो आणि चौघांच्या चेहऱ्यांची ती काळोखातली मांडणीही बिघडते.