मदत हवी आहे: बी.कॉम.नंतर टॅक्सेशनच करायचं आहे, पण कुठल्या वाटेने?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दुपारनंतर एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जाते. टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्र्या, खरेदीची बिलं जुळवणं, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० च्या आत ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). बहुतेक पार्ट्या चादर-टॉवेलवाल्या. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा हजारावरची चादर १२ टक्क्यांत होती, ती अडीच हजारांपर्यंत ५ टक्क्यांत आली. जुन्या दराने गेलेला माल परत आला तर क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) कुठल्या दराने? सरांनी कायदा उघडून दाखवलं: मूळ बिलाच्याच दराने. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

घरी मात्र एकच धोशा, सीए कर. बाबा म्हणतात, नुसत्या एम.कॉम.ला कोण विचारतंय? मावसभाऊ पुण्यात ट्रान्स्फर प्रायसिंगमध्ये (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमतींचं टॅक्सचं काम) आहे, तो म्हणतो इकडेच ये. घरची परिस्थिती बघता पुढची दोन-तीन वर्षं तरी मला सोलापूर सोडता येणार नाही.

तर एम.कॉम. आणि सोबत टॅक्सेशनचा डिप्लोमा, की एलएल.बी., की सीए? सीए न होता स्वतःचं ऑफिस टाकता येतं का? आणि एक फुटकळ शंका: सरांकडे इन्कम टॅक्सच्या जुन्या पुस्तकांचा ढीग आहे, फुकट मिळतोय. घेऊ का?

— टॉवेलवाली

चाटीगल्लीकर: ताई, ऑफिस टाकता येतं की ओ! कॉमर्सची पदवी हातात आली की जीएसटी प्रॅक्टिशनर (दुसऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं भरून देणारा) म्हणून नोंदणी करायची. आपल्याकडे यावर संसार चालवणारे कितीतरी आहेत. फक्त टॅक्स ऑडिटवर (इन्कम टॅक्ससाठीच्या हिशोब तपासणीवर) सही सीएचीच चालते, त्यामुळे पार्टी मोठी झाली की तुमच्या हातून जाते. हे सोसायची तयारी ठेवा. डिप्लोम्याने ज्ञान मिळेल, सहीचा अधिकार नाही. पुस्तकं रद्दीत द्या. १९६१चा कायदा गेला, १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आलाय, कलमांचे नंबरसुद्धा बदललेत.

काळाकोट: रद्दीत कशाला? जुन्या वर्षांच्या केसेस अजून कितीतरी वर्षं जुन्याच कायद्याने चालणार आहेत. घेऊन ठेव. एलएल.बी. सोलापुरातच होते. नोटिशीला उत्तर देणं, अपील लढवणं आवडत असेल तर जरूर कर. हायकोर्टात उभं राहायला वकीलच लागतो. पण पहिली काही वर्षं खिसा रिकामा, हेही सांगून ठेवते. सरकारी नोकरी हवी असेल तर एमपीएससीतून राज्यकर निरीक्षक होता येतं. त्याला कुठलीही पदवी चालते, टॅक्सेशनची लागत नाही. क्लासवाले हे सांगत नाहीत.

टॉवेलवाली: दोघांचेही आभार. बी.कॉम.ला ५५ टक्के पडले तर सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, द्यावी लागत नाही, थेट दुसरी, इंटर, हे खरं ना? माझी गाडी ५३च्या आसपास अडकलीय.

चाटीगल्लीकर: खरं आहे. शेवटचं सेमिस्टर बाकी आहे ना? मग आधी ते दोन टक्के ओढा, ऑफिस महिनाभर बंद ठेवा. नाहीच जमलं तर सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटरला पदवीवर थेट प्रवेश आहे, टक्क्यांची अट नाही. कारखान्यांत कॉस्टिंगवाल्यांना मागणी असते, आणि टॅक्सचे पेपर त्यातही आहेत.