रा आणि ओसिरिस एकाच देहात: चित्र कसं काढायचं?

रेखा_नागपूर: नागपुरात शाळेच्या प्रदर्शनासाठी ६ फूट उंच, ४ फूट रुंद प्लायवर प्राचीन इजिप्तच्या नेफरतारी राणीच्या थडग्यातलं चित्र उतरवायचं आहे. एडक्याच्या डोक्याची ममी, दोन बाजूंना इसिस आणि नेफ्थिस या देवी. अर्धनारीश्वरासारखी मधोमध रेघ मारून एक बाजू सूर्यदेव रा, एक बाजू मृतांचा देव ओसिरिस अशी रंगवली तर मुलांना कळेल का? आणि मापं कशी धरू?

थेबेसकर: ताई, रेघ अजिबात मारू नका, अर्थच बदलेल. इथे वाटणी डावी-उजवी नाही. धड ओसिरिसचं, कापडात गुंडाळलेलं. डोकं रात्रीच्या राचं, एडक्याचं, वर सूर्यबिंब. बाजूच्या मजकुराचा आशय असा: ओसिरिस रामध्ये विसावतो, रा ओसिरिसमध्ये विसावतो. हे मिलन रोज रात्री होतं. ‘अमदुआत’ या सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाच्या ग्रंथातल्या १२ तासांपैकी सहाव्यात रा ओसिरिसच्या देहाला भेटतो, त्याला नवं बळ मिळतं आणि पहाटे तो पुन्हा उगवतो. दोघं कायमचे एक होत नाहीत. एकमेकांत वस्तीला येतात म्हणा. हे दोन ओळींत चित्राखाली लिहाच, नाहीतर मुलं त्याला तिसराच देव समजतील.

गेरू_पिवडी: मापाचं सांगतो. त्या काळी उभ्या आकृतीला तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन धरत. गुडघा साधारण ६व्या रेषेवर, खांदा १६व्या. तुम्ही चौकोन अडीच इंचाचा घ्या. १८ चौकोनांचे ४५ इंच झाले. शिंगं आणि बिंब यांना वर आणखी ५ चौकोन सोडा, म्हणजे साडेसत्तावन्न. उरलेले साडेचौदा इंच पायाखालची पट्टी आणि वरची किनार यांत जातात. डोक्यापासून सुरुवात केली की बिंबाला जागाच उरत नाही, म्हणून आखणी पायाकडून करा.

शिंगं आडवी आणि नागमोडी. कानाभोवती वळलेली काढलीत तर तो आमून या दुसऱ्या देवाचा एडका होईल. ही चूक सर्रास दिसते.

लाल-पिवळ्यासाठी तयार पोस्टर कलरपेक्षा गेरू आणि पिवडी डिंकात कालवून वापरा, मूळ रंगही गेरूमातीचेच होते. डिंक जास्त झाला की थर वाळताना तडकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हमखास. आधी प्लायच्या तुकड्यावर पट्टा ओढून पाहा.

थेबेसकर: एक राहिलं. चित्रलिपीतले पक्षी आणि माणसं ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. फोटो आरशासारखा उलटा छापला गेला असेल तर मजकूरही उलटा होतो, तेव्हा दुसऱ्या फोटोशी ताडून मगच गिरवा.

रेखा_नागपूर: शेजारी छोट्या चौकटीत आणखी एखादं उदाहरण ठेवू का?

थेबेसकर: प्ताह-सोकर-ओसिरिसची लाकडी मूर्ती घ्या: तीन देवांची नावं, पण एकच ममीरूप देह, डोक्यावर शिंगं, बिंब आणि दोन उंच पिसं. काही मूर्ती पोकळ असत, आत पपायरसची गुंडाळी ठेवत. राचंच एक रूप असलेला रा-होराख्ती मात्र तिथे नको. ससाण्याचं डोकं पाहून मुलं त्याला ससाणादेव होरस म्हणतील आणि सगळा वेळ ते समजावण्यातच जाईल.