शिधा मिळाला, पण ताट?
वर कुणीतरी म्हटलंय, टाळेबंदीत शाळा बंद होत्या तरी पोषण आहार चालूच होता. अर्धंच खरं. खिचडीऐवजी कोरडा तांदूळ नि कडधान्य घरी द्यायचं ठरलं. तांदळाचा हिशोब पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. आमच्या दापोलीकडच्या वाडीत पालक पिशव्या घेऊन शाळेच्या पडवीत अंतर राखून उभे, गुरुजी तोंडाला रुमाल बांधून तांदूळ मोजतायत. (त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ, कौलं उडाली, घरातलं धान्य भिजलं.) मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांनी घर भरलेलं, त्यामुळे पोराच्या वाट्याचा तांदूळ सगळ्यांच्या टोपात जायचा. शाळेत निदान ताट त्याचं एकट्याचं असायचं. आणि खिचडी शिजवणाऱ्या बायांचं तेव्हा काय झालं, ते इथे कुणी लिहिलंच नाही.