हँडहेल्ड स्कॅनर घेतला, पण कुठल्या बँडवर काय असतं तेच कळेना

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत गराज सेल होता, तिथे युनिडेन बेअरकॅट बीसी १२५ एटी हा हँडहेल्ड स्कॅनर, म्हणजे विमानं, रेल्वे, पोलीस यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ, ३० डॉलरला मिळाला. मॅन्युअल वगैरे काही नाही, नुसतं यंत्र आणि ती काळी रबरी अँटेना. बाबा सध्या सहा महिन्यांसाठी आलेत, वय ७८, आयुष्यभर तार ऑफिसात नोकरी केली, रेडिओचं भयंकर वेड, आणि इथल्या थंडीत घरात बसून बसून कंटाळलेत म्हणून खास त्यांच्यासाठी घेतला.

आता अडचण अशी की सर्च दाबलं की आकडे नुसते पळत राहतात आणि मधेच खर्रर्र करून थांबतात. १६२.५५० वर एक कॉम्प्युटरचा आवाज दिवसभर हवामान सांगत बसतो, तेवढं एकच नीट ऐकू येतं. १२० च्या आसपास विमानं सापडली पण फक्त पायलटच बोलताना ऐकू येतो, खालून त्याला कोण काय सांगतंय ते येतच नाही, म्हणजे टेलिफोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं. पोलीस आणि फायरसाठी लोक स्कॅनर घेतात म्हणे, इथे दोन्ही गप्प. ५४ ते १०८ मधला कुठलाही आकडा टाकला तर घेतच नाही, बिघडलाय का? आणि बाबा विचारतात, अरे एका आकड्यावर एएम दाखवतंय आणि दुसऱ्यावर एफएम, हे कोण ठरवतं? मला उत्तर देता आलं नाही आणि खरं सांगतो फार वाईट वाटलं.

शेवटचं, मार्चमध्ये ते साताऱ्याला परत जाणार, तेव्हा हा बरोबर नेला तर चालेल का?

जुना श्रोता

एडिसनकर, आधी काकांना माझा नमस्कार सांगा. यंत्र अगदी ठणठणीत आहे, काही बिघडलेलं नाही. मी २२ वर्षं ऐकतोय आणि सगळ्यांची सुरुवात याच गोंधळाने होते, कारण आपण काटा फिरवला की स्टेशन लागतं अशा रेडिओवर वाढलो. इथे बहुतेक वेळ शांतताच असते आणि जो बोलतो तो चार सेकंद बोलून गप्प होतो, त्यामुळे कुठल्या वस्तीत कोण राहतं हे आधी माहीत असावं लागतं, नाहीतर सर्च लावून रात्रभर बसलात तरी हाती खरखरच येणार.

तुमच्या मॉडेलला चार तुकडे ऐकू येतात, २५ ते ५४, १०८ ते १७४, २२५ ते ३८० आणि ४०० ते ५१२ मेगाहर्ट्झ. ५४ ते १०८ घेत नाही कारण तिथे टीव्हीचे २ ते ६ नंबरचे चॅनल आणि ८८ पासून आपलं नेहमीचं गाण्यांचं एफएम आहे, तिथे स्कॅनरला काही काम नाही म्हणून कंपनीने तो भाग ठेवलाच नाही. १७४ च्या पुढे पुन्हा टीव्ही, तेच कारण.

खालचा तुकडा सध्या सोडून द्या. २७ वर ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा रेडिओ, सीबी, आहे, १९ नंबरचं चॅनल म्हणजे २७.१८५, पण घरात बसून फार काही मिळत नाही. खरी मजा १०८ ते १७४ मध्ये आहे, एक महिना तिथेच राहा असं माझं स्पष्ट मत.

११८ ते १३७ म्हणजे विमानं, आणि ती जगभर एएमवरच बोलतात. काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं की एफएमवर दोघांनी एकदम बटण दाबलं तर ज्याचा सिग्नल जोरात तो दुसऱ्याला गिळून टाकतो, दुसरा बोलला हे कळतसुद्धा नाही. एएमवर दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो आणि कंट्रोलरला लगेच समजतं की आणखी कोणीतरी बोलत होतं, तो परत विचारतो. आकाशात एवढ्या गर्दीत ही गोष्ट जीव वाचवणारी आहे. बाकी पोलीस, रेल्वे, बोटी, दुकानदार सगळे एफएमवर. तुमच्या स्कॅनरला कुठला बँड कशावर हे आधीच शिकवलेलं आहे, म्हणून तो आपोआप बदलतो.

एकाच बाजूचं बोलणं का, तर या फ्रिक्वेन्सी साधारण नजरेच्या रेषेत जातात. ढोबळ हिशोब असा, उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर. दहा हजार मीटरवरच्या विमानाचं वर्गमूळ १००, म्हणजे ते ४०० किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं. आणि जमिनीवर २० मीटरच्या खांबावरची अँटेना? जेमतेम १८ किलोमीटर, त्यात मधे घरं, झाडं, टेकाडं. नेवार्कचा टॉवर ११८.३ वर आहे, घरात ऐकू येणार नाही, विमानतळाच्या जवळ गाडी उभी करून लावून बघा, दोन्ही बाजू लख्ख ऐकू येतील.

आता अँटेना. ती रबरी अँटेना म्हणजे सगळ्याला थोडी थोडी आणि कशालाच धड नाही. बीएनसी जोडणीची ओढून लांब करायची टेलिस्कोपिक अँटेना १५ डॉलरच्या आत मिळते, ती घ्याच. ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, जे येईल ती अँटेनाची मीटरमधली लांबी. विमानांसाठी ७५ भागिले १२० म्हणजे ६२ सेंटिमीटर, रेल्वेसाठी ७५ भागिले १६० म्हणजे ४७. मी माझ्या अँटेनाला नेलपॉलिशने दोन खुणा केल्यात, लाल खुणेपर्यंत ओढली की विमान, पांढरीपर्यंत ओढली की रेल्वे. आणि स्क्वेल्च, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर दाबणारी सेटिंग, फार घट्ट करू नका, खरखर जिथे बंद होते त्याच्या पुढे केसभर, बस. घट्ट केला की लांबचे बारीक आवाज दाराबाहेरच राहतात.

आणि काका तार ऑफिसात होते म्हणालात म्हणून हे मुद्दाम लिहितोय. १०८ ते ११८ मध्ये माणसं बोलत नाहीत, तिथे विमानांना दिशा दाखवणारी व्हीओआर स्टेशनं असतात, आणि प्रत्येक स्टेशन थोड्या थोड्या वेळाने आपलं नाव मोर्समध्ये सांगतं. तुमच्या पश्चिमेला सोलबर्ग आहे, ११२.९. एखाद्या उंच जागी जा, ग्रीन ब्रूकचं वॉशिंग्टन रॉक चांगलं, आपल्या पर्वतीसारखं सगळं खाली पसरलेलं दिसतं. काकांच्या हातात स्कॅनर द्या आणि नाव काय ते सांगू नका, त्यांनाच ओळखू द्या.

ब्रुकलिनचा_बाळू

पोलिसांचं मी सांगतो. तुमचा स्कॅनर अ‍ॅनालॉग आहे. न्यू जर्सीत बरेचसे पोलीस ७००/८०० मेगाहर्ट्झवरच्या डिजिटल ट्रंकिंग सिस्टीमवर गेलेत, म्हणजे एक तर तुमच्या यंत्राचा कान ५१२ लाच संपतो आणि दुसरं म्हणजे तो डिजिटल भाषा समजत नाही, चुकून कुठे पी२५ या डिजिटल पद्धतीवर थांबलाच तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा घूंऽऽ असा आवाज येईल तेवढाच.

ट्रंकिंग म्हणजे काय तर बँकेत टोकन घेतो ना आपण, पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतःचं काउंटर असायचं, आता टोकन निघतं आणि जे काउंटर रिकामं असेल तिथे जायचं. एका वाक्याला एक फ्रिक्वेन्सी, पुढच्या वाक्याला दुसरी. कोण कुठे गेला हे कंट्रोल चॅनल सांगतं आणि ते वाचणारे स्कॅनर वेगळे, किंमत काहीशे डॉलर. त्यातून एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं सांकेतिक करून पाठवणं, असेल तर कितीही महागडा घ्या, काहीही ऐकू येणार नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये आमच्या ब्रुकलिनपासूनच ते सुरू केलं. मला त्याचं वाईट वाटतं, आमच्या गल्लीत आग लागली होती तेव्हा रस्ता कुठून बंद आहे हे स्कॅनरवरच कळलं होतं आणि आईला दुसऱ्या बाजूने घरी आणता आलं.

पण लगेच निराश होऊ नका. लहान गावांची फायर आणि फर्स्ट एड स्क्वॉड अजून १५० ते १६० मध्ये किंवा न्यूयॉर्कच्या पट्ट्यात ४७० ते ५१२ मध्ये अ‍ॅनालॉगवर सापडतात. आपल्या काउंटीचं नाव टाकून नेटवर यादी बघा, ज्याच्यापुढे डी किंवा पी२५ नाही ते आपलं.

कायद्याचंही लक्षात असू दे. घरात ऐकायला इथे हरकत नाही, पण मोबाइल फोनचं बोलणं ऐकणं १९८६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा स्कॅनर परवान्याशिवाय गाडीत ठेवता येत नाही. तुम्ही जर्सीहून इकडे येताना घरी ठेवून या.

रुळांशेजारी

अहो एडिसनला राहता आणि रेल्वेचं कोणी काही बोललंच नाही! नॉर्थईस्ट कॉरिडॉर हा मुख्य रेल्वेमार्ग तुमच्या अंगणातून जातो. अ‍ॅमट्रॅक ही प्रवासी रेल्वे १६०.९२० वर, ही एकच फ्रिक्वेन्सी टाकून ठेवली तरी दिवसभर काही ना काही येतं.

रेल्वेवाले आकडा सांगत नाहीत, "चॅनल ५४" असं म्हणतात. हिशोब सोपा आहे, चॅनल नंबरला ०.०१५ ने गुणा आणि १६०.११० मध्ये मिळवा. ५४ गुणिले ०.०१५ म्हणजे ०.८१०, झालं १६०.९२०. चॅनल ७ ते ९७ हाच नियम. हे कळल्यावर मला यादीची गरजच उरली नाही, रुळाच्या कडेला पाटीवर चॅनल वाचायचा आणि तिथल्या तिथे टाकायचा.

आणखी एक गंमत, मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर एक लहान डबा लावलेला असतो, तो ब्रेकच्या नळीतला दाब इंजिनाला कळवत राहतो, ४५७.९३७५ वर. त्यात बोलणं नाही, नुसती टुर्रर्र अशी चिमणीसारखी चिवचिव. पण ती ऐकू आली की समजायचं गाडी पाच-सात किलोमीटरच्या आत आहे. बाउंड ब्रूक स्टेशनवर बाकावर बसा, मालगाड्या तिथून जातात, चिवचिव आधी येते आणि मग बऱ्याच वेळाने हेडलाइट दिसतो. माझा सहा वर्षांचा मुलगा ती ऐकून "आली आली" म्हणून उड्या मारतो. काही मार्गांवर रुळालगतची यंत्रं चाकं तापलीत का ते तपासतात आणि गाडी गेली की स्वतःच बोलतात, नो डिफेक्ट्स, एकूण एक्सल अमुक इतके. तो यांत्रिक आवाज रात्री ऐकायला फार छान वाटतो.

मीनल, पुणे

साताऱ्याला न्यायच्या प्रश्नावर लिहिते. मी लायसन्स असलेली हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी, आहे. कृपया काकांबरोबर पाठवू नका. भारतात वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागतो, हे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलंय. घरातला साधा रेडिओ वेगळा आणि पोलिसांचे बँड पकडणारा स्कॅनर वेगळा, ७८ वर्षांच्या माणसाला विमानतळावर कस्टम्सच्या माणसासमोर हा फरक समजावत उभं राहायला लागू नये.

शिवाय तिकडचं पाठ केलेलं निम्मं इथे लागू पडत नाही. विमानांचा बँड आणि जहाजांचं १६ नंबरचं चॅनल, १५६.८, हे जगभर तेच. पण १६२.५५० वरचं हवामान इथे नाही, १६०.९२० वर अ‍ॅमट्रॅक नाही, आणि आमचा दोन मीटरचा हॅम बँड १४४ ते १४६ एवढाच, तुमच्याकडे तो १४८ पर्यंत जातो.

काकांना खरंच आवड असेल तर त्यांनी इथे येऊन एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ चालवायच्या प्रमाणपत्राची, परीक्षा द्यावी. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स लागतो. आमच्या क्लबातली तरुण मुलं त्या ८ शब्दांनीच घाबरतात, काकांना तर तो हातचा मळ. वयाची खालची अट १२ वर्षं, वरची काही नाही. आमच्याकडे एका आजोबांना सत्तरी उलटल्यावर कॉल साइन मिळाला.

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कॅनर इथेच राहणार, मीनलताई तुमचं अगदी पटलं.

काल रविवारी वॉशिंग्टन रॉकला गेलो. वारा इतका की बाबांच्या कानटोपीवरून मफलर बांधला. नवीन अँटेना पूर्ण ओढली, ११२.९ टाकलं आणि काही न सांगता स्कॅनर त्यांच्या हातात दिला. आधी नुसती घरघर होती. मग बारीक आवाजात सुरू झालं. डिट डिट डिट. डा डिट डिट डिट. डिट डा डा डा. बाबांनी डोळे मिटले, डाव्या हाताची तर्जनी जॅकेटच्या चेनवर आपोआप हलायला लागली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा म्हणाले, "एस, बी, जे. हात स्वच्छ आहे याचा." मी म्हटलं बाबा मशीन आहे ते, तर म्हणाले ते मला कळलं रे, पण कोणीतरी आधी अंतर बरोबर ठेवून दिलंय ना.

नंतर गाडीत बसून अर्धा तास बोलत होते. २०१३ च्या जुलैत तार सेवा बंद झाली त्या दिवशी आईने त्यांना मुद्दाम एक तार केली होती म्हणे, हे मला आजवर माहीतच नव्हतं. कागद अजून साताऱ्याच्या कपाटात आहे.

मीनलताई, ते परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो असं विचारत आहेत. आणि रुळांशेजारी, शनिवारी बाउंड ब्रूकला येतोय, ४५७.९३७५ टाकून ठेवलंय. तुमचा मुलगा येणार असेल तर बाबांना खूप आवडेल.