प्रति: मेनूत सगळेच प्रकार टाकायचे का?

वर तुम्ही विचारलंय की ऑनलाइन दुकानातल्या मालाचे 22 प्रकार सगळेच वेबसाइटच्या मुख्य मेनूत टाकावेत का. नको. आमचं जळगावातून केळीचे वेफर्स, बिबडे (खानदेशी पापड), कळण्याचं पीठ असं चालतं, वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनवर. मी आधी मेनूत बिबड्यांचे ज्वारीचे-गव्हाचे फाटे, त्यांच्या पोटात पुन्हा वजनं असं केलं होतं. मोबाइलवर नेमकं बोट पडेल तर शपथ! आता वर 5 नोंदी, वजन उत्पादनाच्या पानावर.

आणि हो, कॅटेगरी (मालाचा प्रकार) मेनूत 'कस्टम लिंक' म्हणून, म्हणजे पत्ता हाताने टाकून, चिकटवू नका. स्लग (पत्त्यातलं कॅटेगरीचं नाव) बदलला की ती लिंक तुटते. कॅटेगरी म्हणूनच जोडली तर पत्ता आपोआप बदलतो. जुन्या धाटणीच्या थीममध्ये (थीम म्हणजे वेबसाइटच्या रूपाचा साचा) वर्डप्रेसच्या मेनूच्या पानावर कॅटेगरीचा रकाना दिसत नसेल तर 'स्क्रीन ऑप्शन्स' उघडून 'प्रॉडक्ट कॅटेगरीज'वर टिक करा. माझी अख्खी संध्याकाळ तिथेच गेली होती.