क्लिनिकल फार्माकॉलॉजीत डीएमनंतर संशोधन प्रशिक्षण : पीएचडी नसल्यास कुठे अर्ज करावा?

नमस्कार. औषधशास्त्रात एमडी आणि नंतर मुंबईत क्लिनिकल फार्माकॉलॉजीत (माणसांवरील औषधपरिणामांच्या शास्त्रात) डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेषज्ञ पदवी, केल्यावर माझी बंधपत्रित सेवा आता संपत आली आहे. पुढची दोन-तीन वर्षे पूर्णवेळ संशोधन शिकण्यासाठी द्यायची हे ठरले आहे, पण ते कुठे आणि कोणत्या मार्गाने करावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझा विषय क्षयरोगावरील औषधांची मात्रा हा आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रौढांना वजनगटानुसार एकत्रित गोळ्या देतात. २५ ते ३४ किलो वजनाच्या रुग्णाला रोज दोन गोळ्या मिळतात, म्हणजे रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाचे ३०० मिलिग्रॅम. २५ किलोच्या रुग्णाला ते किलोमागे १२ मिलिग्रॅम पडते, तर ३४ किलोच्या रुग्णाला ९ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. त्यातच शरीर लहान असले की किलोमागे औषधाचा निचरा अधिक वेगाने होतो, रिफॅम्पिसिन पहिल्या काही आठवड्यांत स्वतःच्याच निचऱ्याचा वेग वाढवते, आणि आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी एनएटी-२ या जनुकाच्या प्रकारानुसार माणसागणिक बदलते. वॉर्डात कृश रुग्ण रोज पाहणाऱ्याला ही आकडेमोड स्वस्थ बसू देत नाही. प्रत्येकाचे रक्त दिवसभर पुन्हा पुन्हा काढणे शक्य नसते. म्हणून मोजक्या नमुन्यांवरून संपूर्ण रुग्णसमूहाचे गणिती प्रारूप (मॉडेल) मांडण्याचे शास्त्र, म्हणजे फार्माकोमेट्रिक्स, मला नीट शिकायचे आहे. डीएममध्ये औषध चाचण्यांची आखणी, नीतिसमितीचे काम, औषधपातळीचे मापन आणि दुष्परिणामांची नोंद हे सगळे उत्तम शिकायला मिळाले. प्रारूपे मांडण्याचा सराव मात्र एखाद्या कार्यशाळेपुरताच झाला.

अमेरिकेत या विषयाची जुनी परंपरा आहे. नॉनमेम हे अशी प्रारूपे मांडण्यासाठी आजही सर्वत्र वापरले जाणारे सॉफ्टवेअर शायनर आणि बील यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातच घडवले. पण तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या टी-३२ प्रशिक्षण निधीसाठी नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास लागतो, त्यामुळे तो मार्ग मला बंद आहे. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीच्या) शिष्यवृत्तीला पीएचडी आवश्यक आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा फार्माकोमेट्रिक्स गट नावाजलेला आहे, परंतु माझा कल केप टाउन विद्यापीठाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाकडे अधिक आहे, कारण क्षयरोगाचे रुग्ण आणि प्रारूपे मांडणारे संशोधक तिथे एकाच ठिकाणी आहेत. भारतातच राहायचे झाल्यास इंडिया अलायन्स या जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेची शिष्यवृत्ती आणि चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था हे पर्याय दिसतात.

पोस्टडॉकच्या जागांसाठी डीएम ही पदवी पीएचडीच्या तोडीची मानली जाते का? की आधी पीएचडीला नोंदणी करून तीन-चार वर्षे त्यात घालवणेच शहाणपणाचे ठरेल? आणि परत आल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात, अध्यापनाचा भार सांभाळून, हे काम चालू ठेवणे कोणाला जमले आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण शिकलेले इथल्या रुग्णांच्या उपयोगी पडले नाही तर एवढा खटाटोप करण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रतिसाद :

डॉक्टर, पीएचडीची अट बहुतेक वेळा निधी देणाऱ्याची असते, संशोधन गटाची नव्हे. गटप्रमुखाच्या प्रकल्पनिधीतून वेतन निघणार असेल तर एमडी, डीएम झालेल्यांचा विचार होतो, आणि रुग्ण जवळून पाहिलेला माणूस अशा गटांना हवाच असतो. म्हणून जाहिरातीची वाट पाहण्यापेक्षा थेट गटप्रमुखांना लिहा आणि पत्रात स्वतःचा प्रश्न मांडा. वजनगटाचे वर जे लिहिले आहे, तेच पुरेसे बोलके आहे. नॉनमेमचा परवाना विकत घ्यावा लागतो, परंतु आर या मोफत सांख्यिकी प्रणालीत एनएलमिक्सआर-२ हे तशाच कामाचे साधन वापरून आतापासूनच सराव करता येईल, आणि एखादे लहानसे प्रारूप दाखवता आले तर अर्जाला वजन येईल. अमेरिकेचा विचार पुन्हा झालाच, तर रुग्णसेवेचा समावेश असलेली जागा आणि निव्वळ संशोधनाची जागा यांचे जे-१ व्हिसाचे (संशोधन वा प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांना मिळणाऱ्या व्हिसाचे) नियम वेगळे आहेत, हे आधीच पाहून घ्या.

परतल्यावर काम चालू ठेवण्याविषयी माझे स्पष्ट मत असे, की त्याची तयारी जाण्यापूर्वीच करावी. इथल्या क्षयरोग विभागाशी आणि प्रयोगशाळेशी लेखी सहकार्य ठरवा. परदेशी संस्थेबरोबर इथल्या रुग्णांवर संशोधन करायचे तर नीतिसमितीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही लागते, आणि तिला वेळ लागतो. अध्यापनाचा भार कमी होईल या आशेवर राहू नका. एखादा सांख्यिकीचा जाणकार आणि दोन पदव्युत्तर विद्यार्थी यांना सोबत घेऊन, त्यांच्या प्रबंधांतूनच हे काम पुढे नेता येते. तुमचे महाविद्यालय कोणत्या जिल्ह्यात आहे आणि तिथे रक्तातील रिफॅम्पिसिन मोजण्याची सोय आहे का, हे कळवल्यास आणखी नेमके सांगता येईल.