मदत हवी आहे : मॉरिशसमध्ये घर घेणे आमच्यासारख्या कुटुंबाला कितपत झेपेल?

नमस्कार. आमचे जालना जिल्ह्यातील एकत्र शेतकरी कुटुंब आहे. समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि नंतर विकलेल्या एका प्लॉटची रक्कम मिळून हाती बरा पैसा आहे, आणि तो कुठे गुंतवावा यावर घरात बरेच दिवस खल चालू आहे. थोरले बंधू आणि वहिनी मॉरिशसला फिरून आले, तेव्हापासून दादांनी तिथेच घर घ्यायचे हा विषय लावून धरला आहे.

त्यांचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात, घड्याळ दीड तासच मागे घ्यावे लागते आणि भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा कडा असल्याने मोठ्या लाटा बाहेरच फुटतात, त्यामुळे पोहता न येणाऱ्या वहिनीही कमरेइतक्या पाण्यात निर्धास्त उभ्या राहिल्या. दादांच्या मोबाइलमध्ये मात्र समुद्रापेक्षा उसाच्या फडांचेच फोटो जास्त आहेत. त्या फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे माणसापेक्षा उंच ढीग रचलेले दिसतात. गिरमिटिया म्हणजे करारावर भारतातून नेलेल्या मजुरांनी वेचून रचलेले ते दगड आपल्या बांधावरच्या दगडांसारखेच ज्वालामुखीतले आहेत, हे दादा येईल त्याला सांगतात. त्या मजुरांत मराठी माणसेही होती, म्हणूनच तिथे आजही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. मार्चमध्ये विहिरीचा तळ पाहणाऱ्या आणि मोसंबीची बाग टँकरवर जगवणाऱ्या माणसाला अशा हिरव्या बेटाची भुरळ पडली, तर त्यात नवल ते काय?

अडचण पुढेच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलात विक्रेत्यांनी बैठक घेतली. तीन लाख पंचाहत्तर हजार डॉलरचे घर घेतले की निवास परवाना मिळतो आणि आपण तिथे नसताना घर भाड्याने देऊन हमखास उत्पन्न येते, असे तिथे सांगण्यात आले. ही हमी नेमकी कोण देणार, हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेले नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘चित्रे प्रातिनिधिक आहेत’ एवढे मात्र आठवणीने छापले आहे. इसार लवकर भरण्याचा तगादाही सुरू झाला आहे.

आमची रक्कम कुटुंबाच्या एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) खात्यात आहे. ती तिथून थेट पाठवता येईल का? कमी पडल्यास इथल्या बँकेचे कर्ज मिळेल का? वादळांचे काय, आणि दादांच्या पश्चात ते घर कोणाच्या नावे होईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. एचयूएफला ती लागू नाही. त्यामुळे रक्कम आधी कुटुंबातील व्यक्तींच्या खात्यांत रीतसर यावी लागेल, आणि ते कसे करायचे हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, म्हणजे आपण सांगितलेल्या किमतीला एकट्या दादांची मर्यादा पुरणार नाही. जवळचे नातेवाईक आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात, मात्र अशा खरेदीत परवाना कोणाला मिळेल हे आधी विचारून घ्यावे. या कामासाठी भारतीय बँकेचे कर्ज मिळत नाही.

वर्षाला दहा लाखांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. एका व्यक्तीने एक कोटी पाठवले, तर 90 लाखांवर 18 लाख बाजूला जातात. विवरणपत्र भरताना ते कराच्या हिशेबात वळते होतात, पण तोपर्यंत तेवढा पैसा जास्तीचा उभा करावाच लागतो, आणि बैठकीत हे कोणी सांगत नाही. घर झाल्यावर दरवर्षी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करावी लागते. ती राहिली तर 2015 च्या काळा पैसा कायद्यान्वये दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रतिसाद २

कामानिमित्त माझा काही काळ मॉरिशसला मुक्काम होता, म्हणून लिहितो. परदेशी माणसाला तिथे वाटेल ते घर घेता येत नाही. ते मुख्यतः सरकारने मंजूर केलेल्या योजनांतच घ्यावे लागते. त्या योजनांत मालकी हक्क मिळतो, हे मात्र खरे. इंडोनेशियातल्या बाली बेटावर, जिथे अशीच घरे दाखवली जातात, तेही नाही. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी त्या देशाच्या नागरिकालाच मिळते, त्यामुळे उद्या कोणी स्थानिक माणसाच्या नावावर बालीत बंगला दाखवला तर त्या वाटेला जाऊ नका.

मॉरिशसच्या किनाऱ्यालगतची पट्टी सरकारी असते आणि भाडेपट्ट्याने दिली जाते. घर अगदी समुद्राला लागून असेल तर विकताहेत ते नेमके काय, मालकी की पट्ट्याची उरलेली मुदत, हे विचारा. खरेदीखत नोटरी करतो, पण तो आपल्या तहसील कचेरीबाहेरचा नोटरी नव्हे. तो कायद्याने जबाबदार अधिकारी असतो आणि रक्कमही त्याच्यामार्फतच द्यायची असते. इसार थेट विक्रेत्याच्या खात्यात मागत असतील, तर तिथेच थांबा. बांधकाम चालू असलेले घर असेल, तर ते पुरे करून देण्याची बँकेची लेखी हमी आहे का, ते पाहा. वारसाच्या बाबतीत तिथे फ्रेंच धर्तीची नागरी संहिता चालते; मुलांचा हिस्सा कायद्यानेच ठरलेला असतो आणि तो मृत्युपत्राने डावलता येत नाही. एकत्र कुटुंबाने या मुद्द्यावर आधीच नीट बोलून घ्यावे.

वादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असतो. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाने राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर गाड्या वाहून नेल्या होत्या. दादांनी एकदा ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, ज्या भागात घर घ्यायचे त्याच भागात, भाड्याच्या घरात महिनाभर राहून पाहावे. विम्याचा हप्ता, वसाहतीचे देखभाल शुल्क आणि घर रिकामे असताना चावी कोणाकडे राहील, हे शेजाऱ्यांकडून जेवढे कळेल तेवढे विक्रेत्याकडून कळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. इसार दिलेला नाही आणि एचयूएफचा खुलासा होईपर्यंत देणारही नाही. भाड्याने राहून पाहण्याची सूचना दादांना पटली आहे. मात्र जानेवारीत मोसंबीचा आंबे बहार (या दिवसांतली फुलधारणा) धरताना बागेचे आधी तोडलेले पाणी पुन्हा सोडायचे असते, आणि ते काम दादा दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गेल्यास वादळी हवामानाचा अंदाज येईल का, एवढे कृपया सांगावे.